आंबोलीच्या कातळावर पिवळ्या पट्ट्यांचा इवलासा बेडूक, कोणी बघितलाय का?

किनारा (१६ जून, रात्री ९.४०)

मंडळी, रविवारी आम्ही घरचे चौघं वेंगुर्ल्याहून आंबोलीला गेलो होतो. पाऊस नुकताच धरलाय, धबधब्यावर तर पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून गर्दी सोडून वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर गेलो, थर्मासमधला चहा काढला आणि कातळावरच बसलो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती एकदम ओरडली, "बाबा, दगड चालतोय!"

मी वाकून बघितलं तर आधी मलाही काही दिसेना. जांभा ओला झाला की जसा तपकिरी-तांबूस होतो ना, अगदी तोच रंग, पाठीवर बारीक बारीक पुळ्या, तोंड बोथट. दहा रुपयाच्या नाण्यावर बसवला असता तर नाक आणि ढुंगण तेवढं बाहेर आलं असतं, इतका छोटा. उडी नाही मारली, चालला, एक हात पुढे, मग थांबला, मग दुसरा हात. आणि चालताना मागचा पाय जरा सुटला तेव्हा कुशीवर असा पिवळा रंग दिसला म्हणून सांगू, ओल्या हळदीची गाठ मोडल्यावर आत दिसतो तसा. त्यावर गडद पट्टे. परत बसला, पाय मुडपला, आणि परत दगड.

मेव्हणे म्हणाले पिवळा आहे म्हणजे विषारी, हात लावू नका. मुलगी म्हणते हे वाघाचं पिल्लू आहे. फोटो काढले पण लेन्सवर पाणी होतं, त्यामुळे नुसता तपकिरी गोळा आलाय, टाकून उपयोग नाही. तर प्रश्न दोन. हा कुठला बेडूक? मोठ्या बेडकाचं पिल्लू की मुळातच एवढाच असतो? आणि खरंच विषारी असतो का?

---

देवगडहापूस (१६ जून, रात्री १०.०५)

पिल्लूच असणार. आमच्या कलमांच्या बागेत पावसाळ्यात असले शेकड्यांनी फिरतात.

---

पावशा (१६ जून, रात्री १०.२२)

लाल पाठीचा असेल तर तो फंगॉइड फ्रॉग. आमच्या विहिरीजवळ असतो, रात्रभर ओरडतो.

---

रानपाखरू (१६ जून, रात्री ११.१५)

किनारा, तुमची मुलगी सगळ्यात जवळ पोचली आहे हो! तिला सांगा की शास्त्रज्ञांनाही तेच सुचलं होतं. हा आंबोलीचा भेक, इंग्रजीत आंबोली टोड, शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायगरिना. टायगरिना म्हणजे वाघासारखा, कुशीवरच्या त्या पट्ट्यांवरूनच नाव पडलंय. झँथो म्हणजे पिवळा आणि फ्राइन म्हणजे भेक.

२००९ साली बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि नुसती नवी जात नाही, याच्यासाठी नवा वंशच करावा लागला. तोपर्यंत आपण आंबोलीला कणसं खायला, धबधबा बघायला जात होतो आणि हा आपल्या पायाजवळ बसून होता.

पिल्लू नाही. पूर्ण वाढलेलाच तीन सेंटिमीटरच्या आसपास भरतो. पावशा, फंगॉइड फ्रॉग वेगळा दिसतो, त्याची पाठ भडक सोनेरी-लाल आणि दोन्ही बाजू काळ्याकुट्ट, कातडी बरीचशी गुळगुळीत, पाय लांब. किनारांनी पुळ्या सांगितल्या, बोथट तोंड सांगितलं, चालला म्हणून सांगितलं, ही सगळी भेकाची लक्षणं. देवगडहापूस, तुमच्या बागेतली पिल्लं साध्या भेकाची असणार. त्यांच्या कुशीवर हळद नसते.

---

किनारा (१६ जून, रात्री ११.३१)

अंगावर काटा आला वाचताना. मुलगी झोपलीय, सकाळी पहिल्यांदा हेच सांगतो.

---

आजीचीपडवी (१७ जून, सकाळी ७.५०)

भेक म्हणजे नक्की काय? आम्ही तर सगळ्यालाच बेडूक म्हणतो. शाळेत वाचला होता हा शब्द, पण बोलण्यात कोणी वापरलेला ऐकला नाही.

---

निवृत्तमास्तर (१७ जून, सकाळी ९.१०)

आजीचीपडवी ताई, सोपं करून सांगतो, सावंतवाडी तालुक्यात तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. बेडूक म्हणजे साधारण ओलसर गुळगुळीत कातडीचा, लांब मागच्या पायांचा, लांब उडी मारणारा. भेक म्हणजे खरखरीत, पुळ्यापुळ्यांचा, आखूड पायांचा, चालणारा नाहीतर छोट्या छोट्या उड्या मारणारा. तुमच्या पडवीत दिव्याखाली संध्याकाळी येऊन बसतो, वाळवीला पंख फुटले की एकेक टिपत राहतो, तो साधा भेक. त्याच्या डोळ्यांवर काळ्या कडा असतात, काजळ घातल्यासारख्या, आणि बोटांची टोकं काळी असतात. डोळ्यांच्या मागे दोन फुगीर गाठी असतात, त्यात त्याचं विष.

आता किनारांचा दुसरा प्रश्न. विषारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फुरसं येतं. भेक चावत नाही, त्याला दातच नाहीत. त्याच्या कातडीत स्राव असतो, कुत्र्याने तोंडात धरला तर कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो आणि तो झटकन टाकून देतो. माणसाने हात लावून डोळे चोळले किंवा बोट तोंडात घातलं तरच त्रास. नुसतं बघायला काही भीती नाही. आणि मुतला की चामखीळ येते हे साफ खोटं आहे, चामखीळ विषाणूमुळे येते. दरवर्षी पहिल्या पावसात शाळेच्या व्हरांड्यात भेक यायचा, पोरं दगड घेऊन धावायची, दरवर्षी मी हेच सांगायचो. जी पोरं एकदा खाली बसून त्याला वाळवी खाताना बघायची ना, घास गिळताना त्याचे डोळे आत जातात ते बघायची, ती पुन्हा दगड उचलायची नाहीत.

---

बांद्याचोझिल (१७ जून, सकाळी ९.४८)

मास्तरांनू, डोळे आत जातत ता माका म्हायतच नव्हता! आमच्याकडे गोव्याच्या बाजूक बेबो म्हणतत.

किनारा, तुमच्या चेडवान बरोबर वळाखल्यान. माझो मामा आंबोलीचो. पयलो पाऊस पडलो काय कातळार ही बारकी बेडकां खयसून येतत ता देवाकच म्हायत, चार दिस नुसतो कल्लोळ आणि मगे गायब. आजो सांगायचो, कातळाक पाय फुटतत.

---

कातळफूल (१७ जून, सकाळी ११.२०)

"कातळाक पाय फुटतत", व्वा! हे लिहून ठेवते.

---

कोयनाकाठ (१७ जून, दुपारी २.३०)

याचा एक सख्खा भाऊ आमच्याकडे आहे, कोयना भेक. सोमण यांनी १९६३ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा तो साध्या भेकांच्याच वंशात धरला होता. २००९ मध्ये आंबोलीवाला सापडला तेव्हा दोघांना एकत्र करून तो नवा वंश केला. म्हणजे सगळ्या जगात या वंशात दोनच, आणि दोन्ही आपल्या सह्याद्रीत.

मी कोयनेचा बराच वेळा बघितलाय. दिसायला फरक असा की आमच्याच्या कुशीवर पिवळे डाग असतात, वेडेवाकडे, कोणीतरी ब्रश झटकल्यासारखे. आंबोलीच्याचे पट्टे असतात. बाकी ठेवण तीच, माप तेच, ओल्या दगडात हरवण्याची कला तीच. मी एकदा अर्धा तास एका जागी उभा होतो, नुसता आवाज येतोय आणि दिसत काही नाही, शेवटी बघतो तर माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर दोन बसलेले. तेव्हापासून कातळावर पाय टाकायच्या आधी खाली बघायची सवयच लागली.

---

पावशा (१७ जून, दुपारी ३.०२)

रानपाखरू, पटलं. माझी चूक झाली. आज विहिरीजवळच्याला टॉर्चने बघितला, बाजू काळ्याच आहेत.

---

तळकोकणी (१७ जून, संध्याकाळी ६.१५)

एक विनंती. किनारा, "वरच्या सड्यावर" एवढंच राहू द्या, पुढे कोणी विचारलं तरी नेमकी जागा, लोकेशन, पिन टाकू नका. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी हरणटोळ साप दिसतो म्हणून कोणीतरी पत्ता टाकला आणि पुढच्या शनिवारी तिथे सोळा-सतरा माणसं, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा, फांद्या वाकवतायत, एकाने तर काठीने उचलून चांगल्या उजेडात ठेवला. मी तिथे होतो, बोललो तर मलाच ऐकवलं.

---

देवगडहापूस (१७ जून, संध्याकाळी ७.४०)

पण आंबोलीत आहे हे तर सगळीकडे छापून आलंय, नावातच गाव आहे. लपवून काय होणार? उलट लोकांना माहीत झालं तरच जपतील. आता माझंच बघा, काल मी पिल्लू म्हणून मोकळा झालो होतो, आज बायकोला वाचून दाखवतोय.

---

तळकोकणी (१७ जून, रात्री ८.१०)

गाव माहीत असणं वेगळं आणि डबकं माहीत असणं वेगळं, दादा. याचं सगळं आयुष्यच त्या डबक्यांवर चाललंय.

---

रानपाखरू (१७ जून, रात्री १०.५०)

तळकोकणी यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साधा भेक तळ्यात, शेतात, गटारातसुद्धा अंडी घालतो, हजारोंनी, लांबच्या लांब माळांमध्ये. त्यातली नव्वद टक्के गेली तरी पडवीत पुढच्या वर्षी भेक असतोच. आंबोलीचा भेक तसं करत नाही. हा येतो उघड्या जांभ्यावर, जिथे दगडाला नैसर्गिक खळगे असतात, त्यात पावसाचं पाणी साठतं, परातीत पीठ मळायला ओततो तेवढंच. तिथे नर ओरडतात, तिथेच जोड्या जमतात आणि तिथेच मादी अंडी घालते. अंडी किती, तर काही डझन. हजार नव्हे. २०१६ मध्ये निखिल गायतोंडे, वरद गिरी आणि कृष्णमेघ कुंटे यांनी या दोन भेकांच्या प्रजननावरच संशोधन प्रसिद्ध केलं, त्याच्या नावातच कातळ आहे.

आता विचार करा. पाणी इतकं उथळ की बोटाचं पेरही धड बुडत नाही. चार दिवस पावसाने उघडीप दिली की डबकं आटलं. म्हणजे यांना सलग पाऊस लागतो, आणि तो आंबोलीत पडतो, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर. उंची ७०० मीटरच्या आसपास, समुद्रावरून आलेले ढग थेट येऊन आदळतात, दिवसेंदिवस धुकं हलत नाही. त्या धुक्यातच हे उथळ पाणी टिकतं. हे सगळं जुळून आलंय म्हणून तो तिथे आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे, याच्यापुढची पायरी म्हणजे निसर्गातून नामशेष. कोयनेचा एक पायरी खाली, संकटग्रस्त.

आणि असल्या खळग्यात कोणी गाडीचं चाक घातलं तर एका चाकाखाली किती जोड्यांचं वर्षभराचं सगळं जातं, हे तुम्हीच मोजा.

---

किनारा (१७ जून, रात्री ११.१४)

रानपाखरू ताई, हे वाचून झोप उडाली. आम्ही गाडी सड्यावरच नेली होती. तिथे आधीच चार-पाच गाड्या होत्या, म्हणून आम्हीही लावली. खळग्यातून पाणी उडालं तेव्हा पोरं आनंदाने ओरडली होती. मला खरंच माहीत नव्हतं.

---

निवृत्तमास्तर (१८ जून, सकाळी ६.४०)

किनारा, वाईट वाटून घेऊ नका. आता माहीत झालं, पुढच्या वेळी खाली लावाल, आणि दुसऱ्या चार जणांना सांगाल.

---

चिरेवाला (१८ जून, सकाळी १०.३०)

मी जरा दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. आमची जांभ्या चिऱ्याची खाण आहे, आंबोलीत नाही, खाली कुडाळच्या बाजूला. सडा, कातळ म्हटलं की आजकाल जो तो आमच्याकडे बोट दाखवतो. पण कोकणातलं जे घर तुम्हाला आवडतं, ज्याचे फोटो टाकता, ते चिऱ्याचंच असतं ना? कातळावर काही पिकत नाही, सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून लागतो, आमच्या वडिलांना त्यातूनच दोन पैसे दिसले आणि आम्ही शिकलो. एका बोटाएवढ्या बेडकासाठी माणसांनी काय करायचं, हे पण कोणीतरी सांगा.

---

कातळफूल (१८ जून, दुपारी १२.४५)

चिरेवाला दादा, राग कशाला, तुम्ही मनातलं बोललात. माझं माहेर रत्नागिरीचं, आमचं घरही चिऱ्याचं आहे.

पण "काही पिकत नाही" हे मी नाही मानणार. उन्हाळ्यात कातळ तापलेल्या तव्यासारखा असतो हे खरं. पण जून-जुलै उलटला की याच पोटखराब जमिनीवर या, अनवाणी या, ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे सीतेची आसवं फुललेली असतात, निळी-जांभळी, आणि पांढरे गेंद असे दाट की लांबून लाह्या सांडल्यासारखे वाटतात. आणि सीतेची आसवं ही कीटक खाणारी वनस्पती आहे, कारण कातळावर मातीच नाही, तिला बाकीचं पोषण पाण्यातल्या बारीक जिवांतून मिळवावं लागतं. आमच्या बाजूच्या सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत, उक्षीचा हत्ती, बारसूची चित्रं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाला त्या कातळात काहीतरी दिसलं म्हणूनच त्याने तिथे कोरलं. माझी आई म्हणायची सडा म्हणजे नुसता दगड. ती चित्रं पहिल्यांदा बघितली तेव्हा ती तासभर बोललीच नाही.

---

चिरेवाला (१८ जून, दुपारी १.३०)

उक्षीचा हत्ती मी बघितलाय. खरं आहे. खाण बंद करा असं कोणी म्हणत नाही ना एवढंच विचारत होतो. जिथे हे बेडूक आहेत तिथे चिरा काढू नये, हे मलाही मान्य आहे.

---

बांद्याचोझिल (१८ जून, दुपारी २.०५)

चिरेवाल्यांनू, ह्या मान्य केल्यात ताच खूप. आंबोलीतले लोक पण पर्यटकांरच जगतत, मामाचा छोटा हाटेल आसा. तो सांगता, आता रात्री बेडूक बघूक म्हणान लोक मुद्दाम येतत, चार पैसे मिळतत, पण घाटातल्या रस्त्यार गाडयेखाली किती चिरडतत ता सकाळी बघवणा नाय. पयल्या पावसात तर रस्तो निसरडो होता.

---

आजीचीपडवी (१८ जून, दुपारी ४.२०)

विषय निघालाच आहे तर, लहानपणी देशावरच्या मामाकडे पाऊस लांबला की पोरं मुसळाला बेडूक बांधून धोंडी धोंडी पाणी दे म्हणत घरोघर फिरायची, लोक पाणी ओतायचे. मी कोकणातली, मला प्रश्न पडायचा की पाऊस मागायला लागतो म्हणजे काय!

---

पावशा (१८ जून, दुपारी ४.३३)

आंबोलीत उलटं करावं लागेल, बेडकांनाच सांगावं लागेल की बाबांनो जरा थांबवा, कपडे वाळत नाहीत :)

---

बांद्याचोझिल (१८ जून, दुपारी ४.४०)

मामाचे कपडे चुलीर वाळतत, जून ते सप्टेंबर :)

---

कोयनाकाठ (१८ जून, संध्याकाळी ५.५०)

बांद्याच्या भावाने रात्री बेडूक बघायला येणाऱ्यांचं लिहिलंय त्यावरून. मी अशा दोन ग्रुपबरोबर गेलोय. एक ग्रुप फार चांगला होता, गाईड स्थानिक पोरगा, आधीच सांगितलं की कोणी हात लावायचा नाही, मच्छर न चावण्याचं क्रीम हाताला लावलंय त्यांनी तर मुळीच नाही, कारण बेडूक कातडीतून पाणी पितो, हवा घेतो, तुमच्या हातावर जे आहे ते थेट त्याच्या आत जातं. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. दुसऱ्या ग्रुपमध्ये एकाने भेक उचलून पानावर ठेवला, पान उचलून फांदीवर ठेवलं, फ्लॅश मारले, आणि खाली ठेवला तो भलत्याच जागी. ज्या जोडीसाठी तो तिथे आला होता ती राहिली तिथेच. त्या रात्रीनंतर मी ग्रुपबरोबर जाणं सोडलं.

---

देवगडहापूस (१८ जून, रात्री ९.००)

कातडीतून पाणी पितो?? तोंडाने नाही?

---

निवृत्तमास्तर (१८ जून, रात्री ९.२५)

नाही. पाण्यात किंवा ओल्या जागेवर नुसता बसतो, पोटाच्या खालच्या कातडीतून पाणी शोषतो. म्हणून तुमच्या माठाखाली, नळाच्या खालच्या ओल्या फरशीवर येऊन बसतो. बागेत फवारणी करता तेव्हा हेही लक्षात असू द्या, हापूसवाले. जे आंब्यावर पडतं ते खाली झिरपतं.

---

देवगडहापूस (१८ जून, रात्री ९.४१)

लक्षात ठेवीन मास्तर. मोहोराच्या वेळी फवारणीशिवाय गत्यंतर नसतं, पण खालच्या डबक्याकडे आजवर बघितलं नव्हतं हे खरं.

---

तळकोकणी (१९ जून, सकाळी ८.१५)

आंबोलीच्या बाबतीत अजून एक सांगतो, कारण सगळ्यांना वाटतं एक बेडूक सापडला आणि संपलं. एवढ्याशा गावाच्या आसपासच्या किती जीवांचं वर्णन अलीकडे झालंय बघा. आंबोलीचा झुडुपी बेडूक २००९ मध्येच, इंडिराना चिरावासी हा उड्या मारणारा बेडूक २०१४ मध्ये, आणि २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात छोटा मासा, त्याला नावच हिरण्यकेशी दिलंय. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. देवळाच्या कुंडाच्या आसऱ्याने तो मासा टिकला.

सड्यावरच्या खळग्यांना देऊळ नाही एवढाच फरक.

---

आजीचीपडवी (१९ जून, सकाळी ८.५०)

शेवटचं वाक्य लागलं एकदम.

---

किनारा (१९ जून, रात्री १०.२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला सगळा धागा वाचून दाखवला. तिने चित्र काढलंय, कुशीवर पिवळे पट्टे आणि पाठीवर जांभ्याचा रंग, त्यासाठी तिने तपकिरी आणि लाल खडू एकावर एक घासलेत. शाळेत लावणार आहे. तिचा प्रश्न आहे की आपल्याला परत कधी दिसेल.

---

रानपाखरू (१९ जून, रात्री १०.४५)

पुढच्या वर्षी पहिल्या पावसात. नंतर दगडांच्या फटीत, पाचोळ्याखाली जातात, शोधूनही मिळत नाहीत. शोधायला दगड उलटू नका एवढं तिला सांगा.

---

किनारा (पुढच्या वर्षी, १४ जून, रात्री ८.३०)

धागा वर आणतोय. आज परत जाऊन आलो, फक्त मी आणि मुलगी.

गाडी खाली रस्त्याच्या कडेला लावली आणि चालत गेलो. पाऊस भुरभुर होता, धुकं इतकं की दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. आधी आवाज आला. मला वाटलं रातकिडे आहेत, मुलगी म्हणाली नाही, थांब. आम्ही जिथे होतो तिथेच खाली बसलो. पाच मिनिटं काही नाही. मग ती रेनकोटसकट कातळावर पालथी पडली, हनुवटी दगडाला टेकवली, आणि कुजबुजली, "बाबा, उभं राहून दिसत नाहीत. झोपून दिसतात."

मीही पालथा झालो. आणि खरंच. वरून बघितलं तर नुसता ओला जांभा, पण डोळा त्यांच्या उंचीला आणला की कुशीच दिसते, आणि एक नाही, समोर सहा-सात बसलेले, प्रत्येकाच्या बाजूला ती हळद, त्यावर पट्टे, आणि प्रत्येकाचे पट्टे वेगळे. एकाचा पट्टा मधेच तुटलेला होता, त्याचं नाव तिने लगेच ठेवलं, ते मी इथे सांगणार नाही, तिने शपथ घातलीय. एक जोडी खळग्याच्या काठावर होती, नर मादीच्या पाठीवर, मादी थोडी मोठी. तिने पुढचे हात पाण्यात टाकले, थांबली, परत मागे आली. बराच वेळ असंच चाललं होतं.

बाजूच्या खळग्यात अंडी होती. मुलीने हात मागे बांधून मोजली, कोयनाकाठ काकांनी क्रीमचं लिहिलं होतं ते तिला पाठ आहे. सव्वीसपर्यंत मोजली, मग पाऊस वाढला आणि पाण्यावर थेंब पडायला लागले, पुढची मोजता आली नाहीत.

तिथून वीसेक पावलांवर एका मोठ्या खळग्यात टायरचे वण होते, पाणी गढूळ, त्यात काहीच नव्हतं. आम्ही आजूबाजूचे सुटे धोंडे आणून तिकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी गाडी जाणार नाही अशा बेताने लावले. प्रत्येक धोंडा उचलायच्या आधी खाली कोणी नाही ना ते बघितलं. परत येताना बांद्याच्या भावाच्या मामांच्या हॉटेलात चहा घेतला आणि त्यांना सांगून आलो. ते म्हणाले धोंडे पुरणार नाहीत, रविवारी मी दोन पोरं घेऊन जातो आणि लाकडं आडवी टाकतो.

---

बांद्याचोझिल (१४ जून, रात्री ८.५२)

मामान आताच फोन केल्यान. लाकडां गाडयेत भरल्यान पण.

---

चिरेवाला (१४ जून, रात्री ९.१०)

लाकूड पावसात कुजेल. मामांना सांगा, तुटके चिरे माझ्याकडे पडून आहेत, टेम्पोभर पाठवतो. फक्त कुठे उतरवायचे ते फोनवर सांगा, इथे लिहू नका.

---

तळकोकणी (१४ जून, रात्री ९.१६)

उतरवायला मी येतो.